ॲशच्या देठावरील पांढरा पेला

मृगाच्या सरी पडून गेल्या की कोकणात, गोव्यात आणि घाटाच्या दोन्ही अंगांना अळंबीची चाहूल लागते. वारुळाच्या कडेला उगवणारी ती पांढरी छत्री लहान मुलांनाही ठाऊक असते, आणि गोव्याच्या बाजारात ती विकायला आली म्हणजे तिच्या चढ्या भावाची चर्चा घरोघर होते. परंतु या लाडक्या छत्रीखेरीज बुरशींचे आणखी एक विस्तीर्ण कूळ आहे. त्याच्या बिया छत्रीखालच्या पात्यांवर तयार होत नाहीत; एका उघड्या पेल्याच्या आतल्या अंगाला, अगदी अस्तरासारख्या थरात, त्या धरतात. सह्याद्रीच्या रानात पावसाळ्यात कुजक्या फांद्यांवर गुलाबी आणि नारिंगी रंगाचे जे सुबक पेले दिसतात, ते याच कुळातले. ते बोटभर अंतरावरूनही ओळखू येतात. मात्र त्यांची बहुसंख्य भावंडे एकदोन मिलिमीटरांपलीकडे वाढत नाहीत. वाळक्या काटकीवर, गळलेल्या पानाच्या शिरेवर, गवताच्या काडीवर ती बसलेली असतात, आणि माणूस त्यांच्यावर पाय देऊन पुढे जातो.

अशा टिचभर, किंबहुना टाचणीच्या डोक्याएवढ्या पेल्यांची ओळख पटवण्यात आयुष्य घालवणारी माणसे जगात थोडी आहेत, आणि व्यवहारी लोक त्यांच्याकडे कौतुकापेक्षा करुणेनेच पाहतात. या नादाचा उपयोग काय, असा प्रश्न त्यांना वारंवार विचारला जातो. युरोपातील ॲश वृक्षाची हकीकत त्या प्रश्नाच्या संदर्भात ऐकण्यासारखी आहे.

ॲश हे झाड आपल्या मैदानी मुलखात नाही. तरीही त्याचे कूळ आपल्याला परके नाही, कारण मोगरा, जाई, जुई आणि पारिजातक ही सारी त्याचीच गणगोत होत. कुमाऊँ-गढवालच्या डोंगरात अंगू नावाचा जो वृक्ष आहे तो तर साक्षात ॲशच. युरोपातील ॲश मात्र उंच आणि डेरेदार वाढतो. त्याचे लाकूड चिवट. धक्का सोसते, पण सहसा मोडत नाही. म्हणून कुऱ्हाडीचे दांडे, वल्ही, गाड्यांच्या साट्या यांसाठी तेच घेतले जाई. क्रिकेटच्या बॅटसाठी विलो झाडाचे लाकूड लागते हे पुष्कळांना माहीत असते. परंतु ती बॅट ज्यांचे रक्षण करते त्या यष्ट्या परंपरेने ॲशच्या असतात, हे फारसे कोणी सांगत नाही.

१९९२ च्या सुमारास पोलंडमध्ये ही झाडे वाळू लागल्याचे लक्षात आले. उन्हाळ्याच्या ऐन भरात पाने काळपट पडत, कोवळे शेंडे मान टाकत, आणि फांदी जिथे खोडाला मिळते तिथे सालीवर शंकरपाळ्याच्या आकाराचा तपकिरी चट्टा उमटे. पुढे डेरा विरळ होई. झाड जीव वाचवण्यासाठी खोडावरून नवी पालवी फोडी, तीही जळे, आणि काही वर्षांत ते उभ्याउभ्या वाळे. रोग लिथुआनियात, जर्मनीत, स्वीडनमध्ये, डेन्मार्कमध्ये पसरत गेला. नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर त्याची चाल मोजली गेली, ती दरसाल सुमारे ५० किलोमीटर भरली.

कारण शोधायला चौदा वर्षे लागली. क्रॅकोचे वनरोगतज्ज्ञ टाडेउश कोवाल्स्की यांनी वाळलेल्या फांद्यांतून एक संथ वाढणारी बुरशी काढली आणि २००६ साली तिला कॅलारा फ्रॅक्सिनिया असे नाव दिले. पण प्रयोगशाळेतील बशीत वाढलेले ते तिचे केवळ एक रूप होते. अनेक बुरशींना दोन रूपे असतात. एक निर्लिंगी, त्यात नुसत्या कणिका सुटतात; दुसरे सलिंगी, त्यात पेला किंवा तत्सम फळ धरते. सुरवंट आणि फुलपाखरू यांना वेगवेगळी नावे देऊन ते एकाच जिवाचे आहेत हे नंतर कळावे, तसाच हा प्रकार. या बुरशीचे फुलपाखरू कोणते, हा प्रश्न उरला होता.

त्याचे उत्तर आदल्या वर्षीच्या पाचोळ्यात होते. ॲशचे पान संयुक्त असते. पर्णिका गळून गेल्या तरी मधला लांब देठ जमिनीवर राहतो. बुरशी त्या देठात हिवाळा काढते आणि स्वतःभोवती काळे, टणक कवच तयार करते. जून उजाडला की त्या काळ्या देठांवर इवले पांढरे पेले उगवतात. बारीक दांडी, वर दोनतीन मिलिमीटरांची उथळ वाटी, रंग दुधाळ. जुना झाला की किंचित बदामी. कोवाल्स्की आणि झुरिकचे ओटमार होल्डेनरीडर यांनी अशा पेल्यांतील बिया पेरून पाहिल्या, आणि बशीत उगवली ती कॅलाराच. मग त्यांनी पेल्याचे वर्णन जुन्या ग्रंथांशी ताडून पाहिले. ते हायमेनोसायफस आल्बिडस या बुरशीशी बरोबर जुळले. २००९ साली तसे प्रसिद्ध झाले.

सारे चक्रावले ते येथे. कारण आल्बिडस ही युरोपची जुनी रहिवासी. १८५१ पासून तिची नोंद होती. ॲशचे गळलेले देठ कुजवून मातीत मिळवणे एवढेच तिचे काम. जिवंत झाडाला तिने कधी बोट लावल्याचे कोणी ऐकले नव्हते. दीडशे वर्षे अंगण झाडणारी मोलकरीण एके दिवशी घरावर दरोडा घालते, यावर विश्वास कसा ठेवायचा? हवामान बदलले असेल, झाडे अशक्त झाली असतील, बुरशीत काही फेर झाला असेल, असे तर्क सुरू झाले.

प्रश्न केवळ विद्वानांच्या जिज्ञासेचा राहिला नव्हता. २००९ मध्येच ब्रिटनमधील रोपवाटिका-व्यावसायिकांनी बाहेरून येणाऱ्या ॲशच्या रोपांवर बंदी घालण्याची मागणी केली होती. परंतु रोगाचे कारण असलेली बुरशी आपल्याच देशात पूर्वापार नांदते, असे शास्त्र सांगत असताना तिच्यासाठी सीमेवर पहारा बसवणार कसा? घरात असलेल्या माणसाला दारात अडवण्यासारखेच ते झाले असते. बंदी आली नाही. रोपे येत राहिली. फेब्रुवारी २०१२ मध्ये बकिंगहॅमशायरमधील एका रोपवाटिकेत रोग आढळला, शरद ऋतूत पूर्व इंग्लंडच्या रानातील मोठ्या झाडांवर तो दिसला, आणि ऑक्टोबरच्या अखेरीस आयातबंदीचा हुकूम निघाला. अर्थात वाऱ्यावरून समुद्र ओलांडून येणाऱ्या बियांना हुकूम वाचता येत नाहीत, आणि बंदी आधी आली असती तर काय झाले असते हे आज छातीठोकपणे सांगणे अवघड आहे. तथापि ओळखीतील एका चुकीने निर्णय करणाऱ्यांचे हात बांधले गेले, हे नाकारता येत नाही.

चूक उघडकीस आली ती मात्र त्यापूर्वीच. झुरिकचे व्हॅलेंटिन क्वेलोझ आणि त्यांचे सहकारी यांनी पेल्यांतील आनुवंशिक द्रव्य तपासले, तेव्हा त्यात सरळ दोन गट पडले. एक गट रोगट रानातला, दुसरा निरोगी रानातला. म्हणजे आल्बिडस निर्दोष होती. तिच्या वेशात दुसराच कोणी वावरत होता. या दुसऱ्याला स्यूडोआल्बिडस, म्हणजे तोतया आल्बिडस, असे नाव २०११ च्या प्रबंधात देण्यात आले. पेशव्यांच्या इतिहासात ज्यांना तोतयाचे बंड ठाऊक आहे, त्यांना या नावातील खोच निराळी समजावून सांगायला नको. त्या वेळी असेही म्हटले गेले की दोघींच्या दिसण्यात भरवशाचा फरक नाही. त्यांना वेगळे करायचे तर आनुवंशिक द्रव्याची तपासणी हाच मार्ग.

पण खरोखर फरक नव्हता, की कोणी नीट पाहिले नव्हते?

हे समजायचे तर पेल्याच्या आत डोकावले पाहिजे. पेला पाचोळ्यातून उचलावा, धारदार पात्याने त्याचा शक्य तितका पातळ उभा काप काढावा, काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवून वर पातळ काच बसवावी आणि हलकेच दाबावे. सूक्ष्मदर्शकाच्या लहान भिंगाखाली प्रथम नुसती दाटीवाटी दिसते. भिंग बदलत शेवटी तेलाच्या थेंबात बुडणाऱ्या शंभरपट शक्तीच्या भिंगापर्यंत आले, की त्या दाटीतून रचना उलगडू लागते. पेल्याच्या अस्तरात असंख्य लांबट थैल्या शेजारीशेजारी उभ्या असतात. मराठी शास्त्रग्रंथांत त्यांना धानी म्हणतात, आणि शब्द चांगला आहे, कारण बिया साठवण्याचे ते स्थान. ॲशच्या पेल्यातील धानी सुमारे दशांश मिलिमीटर लांब असते आणि तिच्यात आठ बीजुके एकामागे एक कललेली असतात. प्रत्येक बीजुक साधारण १५ ते २० मायक्रॉन लांब आणि चारपाच मायक्रॉन रुंद. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. बीजुकाचे एक टोक गोलसर व बाजूला किंचित झुकलेले, दुसरे निमुळते. धान्यांच्या मधून वंध्य तंतू उभे असतात. त्यांना बिया धरत नाहीत. धान्यांची गर्दी सावरून धरणे हे त्यांचे काम दिसते.

आता यात ओळखीच्या खुणा कोणत्या? पहिली खूण धानीच्या शेंड्याला. बिया बाहेर फेकताना काही कुळांत धानीचे टोक डब्याच्या झाकणासारखे उघडते, तर काहींत तिथे फक्त एक छिद्र पडते. फ्रान्समधील एमिल बूदिए या औषधविक्रेत्याने १८८५ साली या एका भेदावर पेला-बुरशींचे दोन मोठे विभाग पाडले, आणि नंतरच्या शतकाने ते बव्हंशी मान्य केले. दुकानात पुड्या बांधता बांधता त्याने मिळवलेले हे ज्ञान आहे, हे लक्षात ठेवण्यासारखे. ॲशच्या दोन्ही बुरशी छिद्रवाल्या विभागातल्या.

दुसरी खूण आयोडिनची. तांदळाच्या पेजेत आयोडिनचा थेंब टाकला की ती निळी होते, हा प्रयोग शाळेत सगळ्यांनी केलेला असतो. पुष्कळ पेला-बुरशींच्या धानीच्या टोकाला एक सूक्ष्म कडे असते, आणि तेही आयोडिनने निळे होते. निळे होणे, न होणे, किंवा काही जातींत लाल होणे, या तिन्हींना अर्थ आहे. यात एक गंमतीची अडचण होती. बहुतेक अभ्यासक मेल्झरचे द्रावण वापरीत; त्यात आयोडिनबरोबर क्लोरल हायड्रेट असते, आणि त्यामुळे लाल होणारे कडे लाल न होता कोरेच दिसे. साध्या पाण्यात केलेले लुगोलचे जुने द्रावण वापरले तर लाली स्पष्ट उमटते. ट्युबिंगेनचे हान्स-ओटो बाराल यांनी १९८७ साली हे दाखवून दिले. अधिक महागडे आणि अधिक मिश्रणाचे औषध अधिक गुणकारी असलेच पाहिजे, हा समज वैद्यकाबाहेरही आहे तर!

याच बारालांनी १९९२ मध्ये आणखी एक आग्रह मांडला, आणि तो पहिल्याहून मोठा होता. पेला जिवंत असताना तपासा, असे त्यांचे म्हणणे. संग्रहालयात वाळवून ठेवलेला नमुना पुन्हा भिजवला तरी त्यातील पेशी मेलेल्या असतात. जिवंत वंध्य तंतूंत काचेसारखे चमकणारे रसबिंदू असतात, ते मरणाबरोबर नाहीसे होतात. बीजुकांतील तेलाचे थेंब जिवंतपणी ठराविक संख्येने व ठराविक जागी असतात. मेल्यावर ते एकमेकांत मिसळतात. जिवंत धानी फुगलेली आणि लांब, मेलेली आक्रसलेली. मापेसुद्धा बदलतात. म्हणजे शंभर वर्षे जी वर्णने छापली गेली, त्यांतील बरीचशी प्रेतांची वर्णने होती. हे शब्द कठोर वाटतील, पण ज्याने एकच पेला सकाळी ताजा आणि संध्याकाळी औषधात मारून पाहिला आहे, त्याला ते पटतात.

या सर्व खुणा ॲशच्या दोन्ही बुरशींना लावून पाहिल्या तरी निवाडा होत नव्हता. शेंड्याचे कडे दोघींचे निळे. बीजुकांची मापे एकमेकींच्या हद्दीत शिरलेली. रंग, देठ, काळे कवच, सारे सारखे. फरक होता तो धानीच्या शेंड्याला नव्हे, तर बुडाला; आणि त्या दाट मुळवटात शिरून पाहण्याचे कष्ट सहसा कोणी घेत नसे.

धानी जन्मते कशी, हे येथे थोडे सांगितले पाहिजे. पेल्याच्या तळाशी असलेल्या तंतूच्या टोकाच्या पेशीत दोन केंद्रके असतात, एक एका जनकाचे, दुसरे दुसऱ्याचे. धानी होण्याच्या वेळी हे टोक आकड्यासारखे वाकते. दोन्ही केंद्रके एकाच वेळी दुभंगून त्यांची चार होतात. मग दोन आडपडदे पडतात. आकड्याच्या बाकावरील मधल्या पेशीच्या वाट्याला दोन्ही जनकांचे एकेक केंद्रक येते. टोकाच्या पेशीला एक मिळते, मागच्या पेशीला एक. मधली पेशी वर वाढून धानी होते. तिच्यातील दोन केंद्रके एक होतात, पुन्हा तीनदा विभागतात आणि आठ बीजुकांची आठ केंद्रके तयार होतात. इकडे वाकलेले टोक खाली येऊन मागच्या पेशीला भिडते व तिच्यात मिसळून जाते. परिणामी धानीच्या बुडाशी एक बारीक फासा, एक कडी कायमची राहते. या आकड्याला शास्त्रात क्रोझियर म्हणतात. वसई किंवा गोव्याच्या चर्चमध्ये बिशपांच्या हाती जी वरून वळलेली मेंढपाळाची काठी असते, तिचेच हे नाव. काठीचा आकार आठवला की तंतूचे वाकलेले टोक डोळ्यांसमोर उभे राहते.

मात्र सर्वच पेला-बुरशींत असा आकडा होत नाही. काही जातींत तंतूचे टोक न वाकता सरळ धानी बनते. तिच्या बुडाशी साधा आडपडदा असतो, कडी नसते. आणि एका जातीत जी रीत असते ती सहसा बदलत नाही. बाराल आणि त्यांचे सहकारी मार्टिन बेमान यांनी ॲशच्या देठांवरील पेले या दृष्टीने तपासले. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रदीर्घ लेखाचा निष्कर्ष एका वाक्यात मावतो: झाडे मारणाऱ्या बुरशीच्या धानीच्या बुडाशी कडी असते, निरुपद्रवी आल्बिडसच्या नसते. ज्या दोघींना वेगळे करण्यासाठी आनुवंशिक द्रव्याची तपासणी अपरिहार्य मानली जात होती, त्यांना सामान्य प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाने, एका पात्याने आणि थोड्या सहनशीलतेने वेगळे करता येते.

यावरून आनुवंशिक तपासणी व्यर्थ ठरली असे कोणी समजू नये. दोन जाती आहेत हे प्रथम तिनेच सांगितले, आणि दोन आहेत हे कळल्यावरच त्यांच्यातील फरक शोधण्याची बुद्धी झाली. डोळ्यांना जे दिसत होते त्याकडे पाहायला तिने सांगितले, एवढे श्रेय तिला द्यावेच लागेल. पण ते पाहिले जुन्याच हत्याराने.

नावाची गोष्ट अजून संपलेली नव्हती. बुरशीच्या दोन रूपांना दोन नावे देण्याची जुनी वहिवाट २०११ च्या मेलबर्न येथील वनस्पतिशास्त्र परिषदेत मोडीत निघाली; एका बुरशीला एकच नाव, आणि त्यात जुन्या विशेषणाला मान, असा नियम झाला. कोवाल्स्कींचे २००६ चे फ्रॅक्सिनिया हे विशेषण तोतयापेक्षा पाच वर्षांनी वडील. म्हणून २०१४ पासून बुरशीचे नाव हायमेनोसायफस फ्रॅक्सिनिअस असे ठरले. तोतया हे नाव, इतके अचूक असूनही, केवळ धाकटेपणामुळे मागे पडले. अवघ्या आठ वर्षांत चार नावे ऐकावी लागलेल्या वनरक्षकांनी शास्त्रज्ञांना काय म्हटले असेल, ते छापण्यासारखे नसावे.

मग ही पाहुणी आली कोठून? याचेही उत्तर कोणाच्या तरी पेले गोळा करण्याच्या नादातूनच मिळाले. जपानमधील अभ्यासकांनी १९९३ साली मंचुरियन ॲशच्या देठांवरील एका पांढऱ्या पेल्याची नोंद लॅम्बर्टेला आल्बिडा या नावाने केली होती. त्या वेळी ती एक किरकोळ नोंद होती. २०१२ मध्ये तिचे नमुने पुन्हा तपासले, तेव्हा ती युरोपातील मारेकरी बुरशीच निघाली. पूर्व आशियात ती मंचुरियन ॲशच्या पानांत मुकाट्याने राहते, पान गळले की देठ कुजवते, आणि झाडाचे फारसे काही बिघडवत नाही. तेथील झाड आणि ती हजारो वर्षे एकमेकांना ओळखून आहेत. युरोपातील ॲशला ती अनोळखी. पानावर पडलेले बीजुक रुजून आत शिरते, देठातून फांदीत उतरते, आणि झाडाला तिला थोपवायचे कसे हे ठाऊक नसते.

तिच्या वंशावळीचाही छडा लागला आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार युरोपभर पसरलेली ही सारी प्रजा मुळात अवघ्या दोन व्यक्तींपासून झालेली आहे. दोन्हींपेक्षा कमी चालले नसते, कारण या बुरशीला पेला धरण्यासाठी दोन भिन्न प्रकारचे जनक लागतात; एकटी ती फळत नाही. आल्बिडसचे तसे नाही. ती एकटीच्या बळावर पेला तयार करू शकते. असे असूनही हार तिचीच झाली.

ही हार या हकीकतीतला सर्वांत कमी चर्चिलेला भाग आहे. ॲशच्या मरणाच्या बातम्या सर्वत्र छापून आल्या. डोंगराएवढे झाड वाळले की ते दिसते. शंभरांत एकापासून पाचापर्यंत झाडे रोगाला बऱ्यापैकी दाद देत नाहीत असे आढळले आहे, त्यांच्या बिया जपून पुढची पिढी वाढवण्याचे प्रयत्न अनेक देशांत सुरू आहेत, आणि त्यासाठी माणसे व पैसा उभा राहतो. परंतु ज्या देठांवर आल्बिडस शतकानुशतके राहत होती, ते देठही आता पाहुणीने बळकावले आहेत. ती झाड जिवंत असतानाच पानात शिरते. पान गळून जमिनीवर पडेपर्यंत देठात जागा उरलेली नसते. डेन्मार्कमध्ये जुन्या ठिकाणी शोध घेतला, तेव्हा आल्बिडस सापडली नाही, सगळीकडे फ्रॅक्सिनिअस. २०१२ साली तसे नमूद करणाऱ्या अभ्यासकांनी, एक जात कोणाच्या नकळत स्थानिक रीत्या नामशेष झाली काय, असा प्रश्न लेखाच्या मथळ्यातच घातला. दोन्ही पेले बाहेरून सारखेच असल्यामुळे रानात फिरणाऱ्याला काही बदलल्याचे जाणवतही नाही. जून-जुलैत काळ्या देठांवर पांढरे पेले पूर्वीसारखेच उगवतात. पहाटेपासून सकाळी आठपर्यंत बीजुकांचे लोट वाऱ्यावर सुटतात. कोणी म्हणेल, सर्व काही जागच्या जागी आहे.

म्हणून आल्बिडस कोठे टिकून आहे काय, हे ज्याला पाहायचे असेल त्याला प्रत्येक पेल्याच्या बुडापर्यंत जावे लागते. वाळलेल्या नमुन्यात ताज्या पेल्याचे रसबिंदू दिसत नाहीत. परंतु कडी ही पेशींच्या भिंतींची घडण असल्यामुळे ती मेल्यावरही राहते. कॉस्टिक पोटॅशच्या विरल द्रावणात भिजवला की दशकांपूर्वीचा पेलाही फुगून वर येतो आणि त्याच्या धान्या पुन्हा वाचता येतात. युरोपातील संग्रहालयांच्या कपाटांत आल्बिडस म्हणून लेबल लावलेले कागदी लखोटे आहेत. एकोणिसाव्या शतकात कोणी हौशी धर्मगुरूने, वैद्याने, शाळामास्तराने रविवारच्या भटकंतीत वेचलेले चारसहा देठ त्यांत असतात. त्यांतील एक पेला चिमट्याने उचलायचा, भिजवायचा, कापायचा, आणि तेलाच्या भिंगाखाली धानीचे बूड शोधायचे. कधी ते शेजारच्या तंतूंआड दडलेले असते, कधी दाबताना तुटून जाते, आणि मग दुसरी धानी, तिसरी, चौथी. पडदा साधा आहे की बाजूला कडी आहे, हे निःशंकपणे दिसेपर्यंत वहीत नोंद करता येत नाही.